होडीचा रंग

दर गुरुवारी अकराच्या बसने
माइमू कायनाच्या ग्रंथालयात येते,
दारातच बुटांचा बर्फ झटकते
आणि माझ्या शेजारी बसून
ओळखपत्र यंत्रात सारते,
चुलीत लाकूड सारावं तसं.

बातम्या नकोत, नातवंडांचे फोटो नकोत,
तिला एकच पान हवं असतं:
माझ्या नोंदी कोणी उघडून पाहिल्या?

तारखा येतात, एकीखाली एक.
डॉक्टर, मंगळवार, रक्तदाब.
औषधांचं दुकान.
पेन्शनची कचेरी.
माइमू बोट ठेवून वाचते,
वाण्याचं बिल तपासावं तशी.

गेल्या नोव्हेंबरात एक ओळ निघाली
जिचा हिशेब लागेना.
रात्रीचे दोन वाजून चौदा मिनिटं,
तालिनमधलं कुठलंसं खातं.
कारणाच्या रकान्यात काहीच नाही.

मी म्हटलं, जाऊ दे, चुकून झालं असेल.
ती म्हणाली, मग चुकून झालं
एवढं लिहून द्यायला काय जातं त्यांचं?

पत्र मी टंकलं, सांगितलं तिने.
'विनंती' हा शब्द मी घातला,
तिने तो खोडायला लावला.

कागद छापून बाहेर येईस्तोवर
ती बापाच्या फाइलबद्दल बोलली,
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
रशियन गेल्यावर कधीतरी ती बघायला मिळाली,
टेबलापलीकडे एक मुलगी राखण करत बसलेली.
त्यात दोन गाई होत्या, एक शिवणयंत्र,
'शनिवारी रेडिओ ऐकतो',
आणि एक होडी, तिच्या रंगासकट.
कळवणाऱ्याचं नाव काळ्या शाईखाली.
"होडी कोठारात असायची," माइमू म्हणाली.
"रस्त्यावरून दिसायची नाही.
म्हणजे आमच्याकडे कॉफी पिऊन गेलेलं कोणीतरी."

एकोणपन्नासच्या मार्चमध्ये ट्रक आला
तेव्हा ती पाच वर्षांची,
मावशीकडे दूध आणायला गेलेली.
दूध घेऊन परत आली,
एवढंच सांगितलं तिने. पुढचं नाही.

मी चौतीस वर्षांची.
मला सरकार म्हणजे दोन बटणं:
एक कर भरायचं, एक परत मागायचं.
मुलाचं नाव मी इस्पितळाच्या खाटेवरून नोंदवलं,
रांग अशी कधी पाहिली नाही.
'संमत आहे' किती वेळा दाबलं
ते मला विचारू नका,
ज्यांनी मोजलं असेल त्यांना विचारा.

तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं.
राइगो नावाचा कोणी, रात्रपाळीला नवा,
वेगळीच माइमू शोधत होता.
ताकीद दिली आहे. क्षमस्व.

झालं समाधान?
"पोराला कामावरून काढलं नाही ना?"
नाही.
"मग ठीक. मला कळलंय
हे त्याला कळलं, पुरे."

त्याच दिवशी विद्यापीठाचा अर्ज आला होता:
तिच्या रक्ताच्या जुन्या तपासण्या
हृदयाच्या अभ्यासासाठी हव्यात,
होय किंवा नाही.
मी आपली 'नाही'कडे बाण नेऊन ठेवला.
तिने माझा हात बाजूला सारला,
दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
आणि 'होय' दाबलं.
"विचारलंय त्यांनी," ती म्हणाली.
"वर खाली लिहिलंय,
मन बदललं तर परत घेता येईल.
बघ, खरंच लिहिलंय का."
लिहिलं होतं.

बसला सात मिनिटं होती.
ती डोक्याला रुमाल बांधत असताना
मी सहज विचारलं,
कोणता रंग होता होडीचा?

माइमूने गाठ मारली,
पिशवीतला धुरावलेला मासा
माझ्या टेबलावर ठेवला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
आणि म्हणाली,
"ते तुला कशाला हवंय?"

रागावली नव्हती.
खरंच विचारत होती,
माझ्या उत्तराची वाट पाहत,
आणि बस वळणावर दिसू लागली तरी
मला कारणाचा रकाना
भरता आला नाही.